दहावी ‘अ’ मधला तो मुलगा आता पन्नाशीचा आहे

प्रिय ताई,

मी एकोणपन्नास वर्षांची आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. माझे यजमान इथल्याच एका कंपनीत होते. सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराने ते अचानक गेले. घरी शहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. मुलगी पंचवीस पूर्ण झाली असून बेंगळुरूला नोकरी करते.

माझे माहेर विट्याचे. आमची दहावीची बॅच १९९२ ची. त्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, मग गेट-टुगेदर झाले आणि तिथे तो भेटला. दहावी ते बारावी आमचे प्रेम होते. प्रयोगवहीच्या पुठ्ठ्यात चिठ्ठ्या ठेवून देण्याइतपतच. जात वेगळी होती, त्यामुळे घरी सांगण्याची सोय नव्हती. मे १९९५ मध्ये मी मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी पाठवली की, शनिवारी अकराच्या कराड गाडीला स्टँडवर ये, मामांकडे जाऊन बोलू. तो आला नाही. मी दोन गाड्या सोडल्या आणि घरी परत आले. डिसेंबर १९९६ मध्ये माझे लग्न झाले. आता तो सांगतो की, ती चिठ्ठी त्याला मिळालीच नव्हती.

त्याचे कोल्हापूरला लेथचे वर्कशॉप आहे. बायको नऊ वर्षांपासून माहेरी आहे, मुलगा तिच्याकडे असतो. चार माणसांसमोर स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी झाली आहे. येत्या वैशाखात एखाद्या देवळात साधेपणाने लग्न करू, असे तो म्हणतो. रोज रात्री आम्ही बोलतो. मला पुन्हा अठरा वर्षांची झाल्यासारखे वाटते आणि त्याचीच लाजही वाटते.

गणपतीत मुलगी घरी आली असताना तिने माझ्या फोनवरचा मेसेज वाचला. “आई, तुला हे शोभतं का?” एवढेच बोलली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, फोन आजीच्या मोबाइलवर करते. तिच्यासाठी स्थळे बघणे सुरू आहे, त्यात हे कळले तर काय होईल? सासूबाईंना मी काही सांगितलेले नाही. त्या परवा एवढेच म्हणाल्या, “फोनवर कोणाशी बोलतेस गं? हसतेस हल्ली.”

हे प्रेम आहे की एकटेपणा, हेच मला कळत नाही. मी काय करावे?

— एक वाचक

ता. क. चिंचवडचा फ्लॅट विकून कोल्हापुरात मोठे घर घ्यावे, असे त्याच्या बोलण्यात एक-दोनदा आले. फ्लॅट यजमानांच्या नावावर आहे.

•

प्रिय वाचक भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी ताजा कलम आधी वाचला. माणसे पत्रात जे विचारतात ते मजकुरात असते आणि ज्याची त्यांना धास्ती वाटते ते बहुधा ता. क. मध्ये उतरते, असा माझा या सदराचा अनुभव आहे. फ्लॅटकडे आपण येऊच, पण सुरुवात तुमच्या लाजेपासून करते, कारण तिच्याबद्दल मला फारसे बोलायचे नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी कोणाच्या तरी मेसेजची वाट पाहणे यात लाजण्यासारखे काहीही नाही. आमच्या बॅचच्या मेळाव्याची यादी आली तेव्हा मीही सगळ्यात आधी एकच नाव शोधले होते. ते यादीत नव्हते, म्हणून मी आज सल्ला देण्याच्या बाजूला बसले आहे, इतकेच.

प्रेम की एकटेपणा, हा प्रश्न तुम्ही असा मांडला आहे की जणू दोन डबे आहेत आणि वस्तू कोणत्या डब्यात घालायची तेवढे ठरवायचे आहे. भूक लागलेली असताना जेवण गोड लागले म्हणून ते जेवण खोटे ठरत नाही. सहा वर्षे रात्रीचे जेवण झाल्यावर ज्या घरात फक्त टीव्हीचा आवाज असतो, त्या घरातल्या बाईला कोणी “आज काय केलंस दिवसभर?” असे विचारले तर तिला बरे वाटणारच, आणि ते तसे वाटावे. शंका घ्यायचीच असेल तर ती तुमच्या भावनेवर घेऊ नका. ही भावना नेमकी कोणाविषयी आहे, एवढे मात्र तपासून पाहा: प्रयोगवहीत चिठ्ठी ठेवणाऱ्या त्या मुलाविषयी, की कोल्हापुरात वर्कशॉप चालवणाऱ्या आजच्या गृहस्थांविषयी? दोघांचे नाव एक आहे, कदाचित हसणेही तेच असेल. पण त्या मुलाला तुम्ही तीन वर्षे रोज पाहिले होते आणि या गृहस्थांना तुम्ही, गेट-टुगेदरची दुपार सोडली तर, मुख्यतः रात्री साडेदहानंतर आणि फोनवर ओळखता.

स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे: उतारवयातल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त आठवतात. त्या काळातली गाणी, वास, माणसे मनात जाड शाईने लिहिली जातात. त्यामुळे तीन दशकांनी भेटलेला वर्गमित्र आपल्याला ‘आतून ओळखतो’ असे वाटते. ते पूर्णतः खोटेही नसते. तुमचे वडील रागावले की कसे बोलत, तुमच्या घराच्या पायरीपाशी कोणते झाड होते, हे त्यांना सांगावे लागत नाही; नव्याने भेटलेल्या कोणत्याही माणसाला ते सांगूनही कळणार नाही. ही मोठी शिल्लक आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. अमेरिकेत नॅन्सी कॅलिश नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत सॅक्रॅमेंटोला शिकवत. त्यांनी १९९० च्या दशकात, दुरावल्यानंतर किमान पाच वर्षांनी पुन्हा एकत्र आलेल्या सुमारे १,००० जणांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांतले ७२ टक्के लोक त्या माणसाबरोबर टिकून होते. हा आकडा अनेक ठिकाणी मोठ्या उत्साहाने छापला जातो. मात्र ही माणसे आपण होऊन माहिती द्यायला पुढे आली होती, आणि ज्यांचे मोडले ते सहसा आपण होऊन सांगायला येत नाहीत. शिवाय ज्यांच्यातला एखादा अजून दुसऱ्या लग्नात अडकलेला होता, अशांचे चित्र पुढच्या काळात बाईंना फारच वेगळे आणि निराशाजनक दिसले. तुमच्या बाबतीत हा मुद्दा कसा लागू होतो, तेच आता पाहू.

तुम्ही लिहिता, “चार माणसांसमोर स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी झाली आहे.” हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचले आहे की आता ते वाचले की हातातला चहा बाजूला ठेवावा लागतो. शंभर रुपयांचा स्टँप पेपर, खाली नोटरीचा लाल शिक्का, दोन्हीकडच्या मामा-काकांच्या सह्या, आणि सगळ्यांची प्रामाणिक समजूत की घटस्फोट झाला! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विवाह संपवण्याचा हुकूम न्यायालय देते. काही समाजांत रूढीने चालत आलेली फारकत कायदा मान्य करतो हे खरे, परंतु ती रूढी त्या समाजात खरोखरच जुनी आणि अखंड आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे रूढी नव्हे. तेव्हा ते गृहस्थ, आजच्या घडीला कायद्याच्या दृष्टीने, विवाहित आहेत असेच धरून चाला.

याचा अर्थ काय होतो तो नीट समजून घ्या. वैशाखात देवळात तुम्ही सप्तपदी घातली तरी तो विवाह मुळातच रद्दबातल असेल. पहिली पत्नी हयात असताना आणि विवाह कायदेशीररीत्या संपलेला नसताना दुसरे लग्न करणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत तो ४९४ कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ८२ व्या कलमाखाली येतो, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. तक्रार होईलच असे नाही. पण उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, तर मृत्युपत्र नसताना त्यांची वारस म्हणून ज्या पत्नीचे नाव लागेल ती नऊ वर्षांपासून माहेरी असलेली बाई असेल, आणि तुम्ही कोण, हे तुम्हाला दवाखान्यातल्या फॉर्मवरसुद्धा लिहिता येणार नाही. आणि या सगळ्यात त्या बाईचाही विचार माझ्या मनातून जात नाही. तिच्या हातातही तोच कागद आहे. तिला पोटगी, मुलाच्या शिक्षणाचा खर्च, तिचे दागिने यांबद्दल काय मिळाले, हे तुम्ही त्यांना विचारले आहे का? विचारा. ते तिच्याबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात, याकडे कान द्या; कारण कधीकाळी रागाच्या भरात ते तुमच्याबद्दल कसे बोलतील याचा तो नमुना आहे.

मार्ग अवघड नाही. पतिपत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असतील आणि दोघांची तयारी असेल, तर त्याच कायद्याच्या १३ ब कलमाखाली परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करता येतो. अर्जानंतर सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर उभे राहून संमती कायम असल्याचे सांगायचे असते; ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि नऊ वर्षे वेगळे राहिलेल्या, देण्याघेण्याचे सगळे मिटवलेल्या जोडप्याला तशी विनंती नक्कीच करता येईल. पत्नीची संमती नसेल तर मात्र कारण सिद्ध करून भांडावे लागेल, आणि त्याला किती वर्षे लागतील ते कोणताही वकील छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून वैशाखाचा मुहूर्त आज मनातून काढून टाका. निकालाची प्रमाणित प्रत तुम्ही स्वतःच्या हातात घेऊन वाचल्याशिवाय कोणतीही तारीख ठरवू नका. “वकील बघतोय” हे उत्तर प्रतीच्या जागी चालत नाही.

येथे मला तुमच्या त्या शनिवारकडे यावे लागेल. विट्याचा स्टँड, मे महिन्यातले ऊन, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी, आणि कराडचा फलक लावलेली एक गाडी सुटते, मग दुसरी. हे चित्र तुम्ही तीन ओळींत लिहिले आहे, पण ते तुम्ही तीस वर्षे पाहत आला आहात हे त्या तीन ओळींवरून कळते. आता तुम्हाला कळले की चिठ्ठी पोहोचलीच नव्हती, आणि जणू तीस वर्षांचा हिशेब एका क्षणात जुळला: तो फसवा नव्हता, फक्त निरोप चुकला. चिठ्ठी नेणारी मैत्रीणही बहुधा त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकत असेल. तिला विचारण्याचा मोह होईल. विचारू नका. एकोणीस वर्षांच्या एका घाबरट मुलीने काय केले, याची चौकशी पन्नाशीच्या बाईवर बसवण्यात काही हशील नाही.

मी त्यांचे म्हणणे पूर्ण खरे धरते. चिठ्ठी मिळाली नाही. तरीही मे १९९५ ते डिसेंबर १९९६ हे दीड वर्ष शिल्लक राहतेच. विटा हे काही मुंबई नव्हे. तुमचे घर त्यांना ठाऊक होते, तुम्हाला स्थळे येत होती हे गावात कोणाला कळत नसणार? त्या दीड वर्षात त्यांनी काय केले? अर्थात, तुम्हीही दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. मुलासाठी लग्नाचे कायदेशीर वय तेव्हाही एकवीसच होते. तुमचे वर्गमित्र म्हणजे तुमच्याच वयाचे, एकोणीसच्या आसपासचे, खिशात वडिलांनी दिलेले पैसे. त्या शनिवारी ते आले असते तरी मामांनी चहा पाजून दोघांनाही पुढच्या गाडीने घरी धाडले असते, अशीच शक्यता जास्त. ज्या लग्नाची हुरहुर तुम्ही आजवर बाळगलीत, ते त्या दिवशी होण्याजोगे नव्हतेच.

तरी हा प्रश्न त्यांना एकदा विचाराच, आणि फोनवर नको, समोर बसून. “त्या दीड वर्षात तू का आला नाहीस?” भांडणाच्या सुरात विचारू नका. उत्तर काय येते यापेक्षा ते कसे येते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. जातीचे, वडिलांचे, मैत्रिणीचे, नशिबाचे नाव घेतले जाते, की “मी घाबरलो होतो” एवढे साधे वाक्य येते? मला स्वतःला हे विचारण्याची निकड वाटते ती इतिहासाच्या हौसेपोटी नाही. ज्या माणसाने तेव्हा प्रकरण आपोआप संपू दिले, त्याच माणसाने पुढे स्वतःचा संसारही नऊ वर्षे एका स्टँप पेपरवर तसाच ठेवला आहे, आणि आता तिसरी गोष्टही कोर्टाची पायरी न चढता, देवळात, लवकर उरकू पाहतो आहे. हे माझे अनुमान आहे आणि ते चुकीचे ठरले तर मला आनंदच होईल. ते चुकीचे ठरवण्याची संधी त्यांना द्या: कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल करायला सांगा आणि ते स्वतः, तुम्ही पाठपुरावा न करता, जातात का ते पाहा. पन्नाशीतल्या पुरुषाच्या प्रेमाची मला पटणारी खूण हीच आहे की तो रांगेत उभा राहतो आणि कागद पुरे करतो. रात्री साडेअकराला गाण्याची लिंक पाठवणे सोपे असते.

मधल्या काळात भेटा. भरपूर भेटा, पण दिवसाउजेडी आणि कामाच्या वारी. त्यांचे वर्कशॉप पाहा. बिल थकवणाऱ्या गिऱ्हाइकाशी ते कसे बोलतात आणि हाताखालच्या पोराने माप चुकवले तर काय करतात, हे तिथे अर्ध्या दिवसात दिसते. त्यांना तुमच्या घरी बोलवा, तुम्ही ऑफिसातून दमून आलेल्या असताना, ओट्यावर भांडी पडलेली असताना. डोकेदुखी, गुडघे, साखरेची गोळी, झोपेत घोरणे या विषयांवर एकदा तरी बोला. विट्याच्या आठवणी संपल्यावर तुमच्यात काय उरते, ते त्याशिवाय कळणार नाही. आणि त्या आठवणी, मी सांगते, सात-आठ भेटींत संपतात.

आता फ्लॅट. तो तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, मृत्युपत्राचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, म्हणजे ते नसावे असे मी धरते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसताना, पत्नी, मुलगी आणि हयात असलेली आई या तिघी सारख्याच वारस ठरतात. म्हणजे त्या घराचा एक तृतीयांश हिस्सा तुमचा, एक मुलीचा आणि एक सासूबाईंचा. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचे एकटीचे नाव असले तरी त्याने मालकी ठरत नाही. तुमचा हिस्सा पुनर्विवाह केल्याने जात नाही, याबद्दल निश्चिंत असा. विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपावा, ही १८५६ च्या विधवाविवाह कायद्यातली मेख आता इतिहासजमा आहे. पण घर विकण्याचा निर्णय तुम्हा दोघांचा नाहीच, तो तुम्हा तिघींचा आहे. पुढच्या वेळी कोल्हापूरच्या मोठ्या घराचा विषय निघाला की एवढेच सांगा, “त्यात माझा एकतृतीयांशच आहे,” आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. तो तसाच राहिला, तर ती एक चांगली बातमी समजा.

यजमानांच्या मागे तुम्हाला भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे निवृत्तिवेतन मिळत असेल, तर १९९५ च्या त्या योजनेत विधवा निवृत्तिवेतन पुनर्विवाहापर्यंतच असते, आणि मुलांना मिळणारे पंचविसाव्या वर्षापर्यंत. लग्न केल्यास ती रक्कम थांबेल. ती थोडी असली तरी दर महिन्याला येणारी आहे, तेव्हा ती वजा करून घरखर्चाचे गणित आधी मांडा. पतसंस्थेतली नोकरी मात्र सोडू नका, कोल्हापुरासाठीही नाही, निदान पहिली दोन वर्षे तरी नाही.

आता मुलीविषयी, आणि येथे मी थोडी रेंगाळणार आहे. “तुला हे शोभतं का?” हे तिने विचारले तेव्हा तुम्हाला त्यात लोकलाज ऐकू आली. मला दुसरेच ऐकू आले. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अचानक एके दिवशी आईच्या फोनवर तिला कळते की, दुसरा एक पुरुष आहे आणि तो आजचा नसून बाबांच्याही आधीचा आहे. तिच्या मनात जो प्रश्न उठला असेल तो शोभण्याचा नाही. तो असा असणार की, बाबा मग कोण होते? आई बावीस वर्षे बाबांशेजारी बसून कोणाची वाट पाहत होती?

म्हणून तिला समजावताना एक चूक कृपा करून टाळा: स्टँडची गोष्ट तिला सांगू नका. तुम्हाला ती हळवी वाटते, परंतु त्या गोष्टीत तिचे वडील म्हणजे चिठ्ठी हरवल्यामुळे आलेले स्थळ ठरतात, आणि ती स्वतः त्या हरवलेल्या चिठ्ठीचा परिणाम. असल्या गोष्टीला कोणत्या लेकीने मान डोलवावी? तिला खरे तेच सांगा, पण ते तुमच्या संसाराबद्दल सांगा. तिचे बाबा रात्रपाळीहून आल्यावर काय करत, त्यांची कोणती सवय तुम्हाला अजून आठवते, ते गेल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही कशा जगलात. त्यानंतर सांगा की एका जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलून तुम्हाला बरे वाटते, काहीही ठरलेले नाही, त्यांचा घटस्फोट व्हायचा आहे, आणि काही ठरलेच तर ते तिला सगळ्यात आधी कळेल. तिची परवानगी मागू नका; पंचवीस वर्षांच्या मुलीवर आईच्या आयुष्याचा निकाल देण्याचे ओझे टाकणे तिच्यावर अन्याय आहे. पण तिला वेळ द्या. मनवायला तिच्या आवडीचे काही रांधू नका, तिला ते लगेच ओळखू येते.

स्थळांची काळजी मी समजू शकते. “मुलीची आई दुसरं लग्न करतेय” हे वाक्य मध्यस्थांच्या तोंडी कसे ऐकू येते, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी महर्षी कर्व्यांचे उदाहरण देण्याची आपल्याकडे पद्धत आहे: १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले आणि मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पण तुमच्यावर कोणी बहिष्कार टाकणार नाही. लोक हळदीकुंकवाला बोलावतील, तिळगूळ देतील आणि पाठ वळली की कुजबुजतील; बहिष्काराशी लढता तरी येते, कुजबुजीशी काय लढायचे? माझे मत विचाराल तर लपवाछपवीने मुलीचे लग्न उरकून मग उलगडा करण्यापेक्षा, गोष्ट ठरली तर ती आधी सांगणे तिच्याच हिताचे आहे. जे घर यावर अडून बसेल, ते उद्या तिला कोणत्या गोष्टीवरून बोलेल याचा अंदाज तिला आधीच येईल. आणि न्यायालयाची प्रक्रिया पाहता, आधी कोणाचे लग्न हा प्रश्न कदाचित तुम्हाला सोडवावाही लागणार नाही.

सगळे पार पडले तर लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करूनच करा, असे मी सुचवेन. त्यात तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागते. ज्याला ही नोटीस लागण्याची भीती वाटत असेल, त्याला आणखी कोणत्या गोष्टीची भीती वाटते तेही तेव्हाच कळेल. देवळात नंतर जाऊन नारळ फोडायला कोणाचीच हरकत नाही. आणि या सगळ्या पाहणीनंतर तुम्हाला वाटले की लग्न नको, मैत्रीच असू द्यावी, महिन्यातून दोनदा भेटावे, एखादी सहल करावी, तर तोही निर्णय पुरता आणि सन्मानाचा आहे. एकेकाळी प्रेम होते म्हणून आता लग्न देणे लागतो, असा काही करार तुमच्यात झालेला नाही.

राहिल्या सासूबाई. तुम्ही त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि घाबरलात. दुसरा अर्धा भाग पुन्हा वाचा: “हसतेस हल्ली.” ज्या बाईने मुलगा गमावला, जी गेली सहा वर्षे तुमच्याबरोबर एकाच छपराखाली दुःख वाटून घेत आली आहे, तिने तुमचे हसणे टिपून ठेवले आहे, आणि कोणाशी बोलतेस याचे उत्तर मिळाले नाही तरी तिने पुन्हा विचारलेले नाही. त्यांना खरी धास्ती असेल ती त्यांचे काय होणार याची. शहात्तराव्या वर्षी, त्या घराच्या एक तृतीयांशाच्या मालकीण असूनही, त्यांना ते ठाऊक नसेल आणि आपण सुनेच्या मर्जीवर आहोत असेच त्या समजत असतील. म्हणून सगळ्यात आधी, मुलीच्याही आधी, त्यांच्याशी बोला. दुपारी चहाच्या वेळी, टीव्ही बंद करून. “काहीही झालं तरी तुम्ही माझ्याबरोबर” हे पहिले वाक्य, आणि त्या माणसाचे नाव त्यानंतर. हे पहिले वाक्य तुम्हाला मनापासून म्हणता येत नसेल, तर ते कोल्हापूरकरांना सांगून त्यांचे काय म्हणणे आहे ते आधी विचारा, कारण मग तुमच्या लग्नातला खरा प्रश्न तोच आहे.

मुलगी आजीच्या मोबाइलवर फोन करते, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे या घरातला सध्याचा एकमेव चालू दुवा आजीच्या हातात आहे, आणि तुमच्याबद्दल तिकडे काय बोलले जाते हे तुम्हाला माहीत नाही. सासूबाई काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा. त्या गृहस्थांच्या उत्तरापेक्षा मला त्याचीच जास्त उत्सुकता आहे.

तुमची,
ताई